अमेरिकेतील गृहशिक्षण आणि इतिहास-साहित्याचे एकत्रित अध्यापन : किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळेऐवजी घरीच शिक्षण घेणाऱ्या मुलांची संख्या आता दुर्लक्ष करता येण्याजोगी राहिलेली नाही. तेथील राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्राच्या अंदाजानुसार १९९९ मध्ये अशी मुले सुमारे ८ लाख ५० हजार होती. शालेय वयाच्या मुलांत त्यांचे प्रमाण १.७ टक्के होते. २००७ मध्ये ही संख्या १५ लाखांच्या आसपास व प्रमाण २.९ टक्के झाले. करोनाच्या साथीत अमेरिकी जनगणना कार्यालयाने केलेल्या पाहणीत, शालेय वयाची मुले असलेल्या कुटुंबांपैकी ५.४ टक्के कुटुंबे २०२० च्या वसंत ऋतूत मुलांना घरी शिकवीत होती. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत हे प्रमाण ११.१ टक्क्यांवर गेले.

या प्रवाहाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात मूल समाजात मिसळते की नाही या एकाच प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहते. प्रत्यक्ष काय शिकविले जाते आणि कसे, याकडे क्वचितच लक्ष जाते. प्रस्तुत लेखात त्यातील एकाच प्रघाताचा विचार केला आहे. चौदा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास व अमेरिकी साहित्य हे दोन विषय स्वतंत्रपणे न शिकविता एकाच अभ्यासक्रमात गुंफण्याची पद्धत गृहशिक्षण घेणाऱ्या कुटुंबांत मोठ्या प्रमाणावर रूढ आहे. ही पद्धत वरवर पाहता निर्विवाद वाटते. परंतु साहित्यकृती व इतिहास यांचा मेळ कोणत्या तत्त्वावर घालावयाचा, या प्रश्नाचे उत्तर चुकले तर विद्यार्थी दोन्ही विषयांस मुकतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पद्धतीची पार्श्वभूमी

आधुनिक गृहशिक्षणाचे दोन उगम मानले जातात. एक उगम जॉन होल्ट यांच्या विचारांत आहे. शाळा मुलांची जिज्ञासा मारते, या निष्कर्षाप्रत आलेल्या होल्ट यांनी १९७७ मध्ये 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले. दुसरा उगम धार्मिक आहे. सार्वजनिक शाळांचे वातावरण आपल्या श्रद्धांना मारक आहे, असे मानणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनी १९८० च्या दशकात मोठ्या संख्येने मुले शाळेतून काढली. २००७ च्या पाहणीत ३६ टक्के पालकांनी धार्मिक वा नैतिक शिक्षण हे आपले सर्वांत महत्त्वाचे कारण सांगितले होते. २०१६ च्या पाहणीत शाळेतील वातावरणाविषयीची चिंता हे कारण ३४ टक्क्यांसह अग्रस्थानी आले. १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत गृहशिक्षणास कायदेशीर मान्यता मिळाली, मात्र राज्याराज्यांतील नियमांत विलक्षण तफावत आहे. न्यूयॉर्क राज्यात पालकाला वार्षिक अध्यापन-योजना व त्रैमासिक अहवाल सादर करावे लागतात आणि नववी ते बारावीच्या टप्प्यात अमेरिकेच्या इतिहासाचे एक एकक पूर्ण करून घ्यावे लागते. टेक्सासमध्ये घर ही खासगी शाळाच समजली जाते आणि नोंदणीचीही गरज नसते.

दोन विषय एकत्र येण्यामागे एक साधे व्यावहारिक कारण आहे. घरी शिकविणारी व्यक्ती बहुधा एकच असते, तासिकेची घंटा नसते आणि एकाच वाचनातून दोन विषयांची श्रेयांके मिळविता येतात. अमेरिकी शाळांतही अकरावीच्या वर्षी अमेरिकेचा इतिहास आणि अमेरिकी साहित्य हे दोन्ही विषय पुष्कळदा एकाच वेळी असतात. परंतु ते दोन शिक्षक दोन खोल्यांत शिकवितात आणि त्यांची वेळापत्रके जुळतातच असे नाही. घरी ही भिंत आपोआप पडते.

या व्यवहाराला तात्त्विक आधार मिळाला तो शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंकडून. १९२३ मध्ये निवर्तलेल्या मेसन यांच्या विचारांचे अमेरिकी गृहशिक्षकांनी १९८० नंतर पुनरुज्जीवन केले. पाठ्यपुस्तकाच्या कोरड्या सारांशाऐवजी एकाच लेखकाने आत्मीयतेने लिहिलेले 'जिवंत' पुस्तक मुलाच्या हाती द्यावे आणि वाचून झाल्यावर त्याने ते स्वतःच्या शब्दांत सांगावे, असे त्यांच्या पद्धतीचे सार आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेसी वाइज व सुसान वाइज बाउर यांच्या 'द वेल-ट्रेन्ड माइंड' या ग्रंथाने अभिजात शिक्षणाचा आराखडा देऊन इतिहासाचा कालक्रम हाच सर्व वाचनाचा कणा ठरविला.

विद्यापीठीय पातळीवरही असा प्रयत्न त्यापूर्वीच झाला होता. १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये अमेरिकी संस्कृतीच्या इतिहासाचा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम सुरू झाला. एफ. ओ. मॅथिसन यांचा 'अमेरिकन रेनेसान्स' (१९४१) आणि हेन्री नॅश स्मिथ यांचा 'व्हर्जिन लँड' (१९५०) हे ग्रंथ त्याच परंपरेतील होत. भारतात १९६४ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटरच्या ग्रंथालयात बसून अभ्यास केलेल्या आपल्याकडील ज्येष्ठ प्राध्यापकांना ही दृष्टी अपरिचित नाही. आपल्या एम.ए. इंग्रजीच्या वर्गांत मात्र अमेरिकी साहित्याचा पेपर अनेकदा इतिहासाचा पाठिंबा नसतानाच शिकविला जातो, हे येथे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

दोन तारखांचा प्रश्न

गृहशिक्षणासाठी तयार मिळणाऱ्या बहुतेक अभ्यासक्रमांत पुस्तके कथानकाच्या काळानुसार लावलेली असतात. १६४० च्या दशकातील बोस्टन शिकविताना 'द स्कार्लेट लेटर', १६९२ च्या सेलमसाठी 'द क्रूसिबल', स्वातंत्र्ययुद्धासाठी 'जॉनी ट्रीमेन', यादवी युद्धासाठी 'गॉन विथ द विंड', अशी ही मांडणी असते. कादंबरी येथे इतिहासाच्या पाठाचे चित्र बनते. तिने गतकाळ 'डोळ्यांसमोर उभा करावा' एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.

परंतु इतिहासविषयक प्रत्येक साहित्यकृतीला दोन तारखा असतात. ती ज्या काळाविषयी आहे तो काळ एक आणि ती ज्या काळात लिहिली गेली तो दुसरा. 'द स्कार्लेट लेटर' १८५० ची आहे. सेलमच्या खटल्यांतील एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हा नथॅनिएल हॉथॉर्न यांचा पूर्वज होता आणि त्याचे ओझे लेखकाच्या मनावर होते. 'जॉनी ट्रीमेन' १९४३ मध्ये, अमेरिका महायुद्धात असताना प्रसिद्ध झाली. तिच्यातील स्वातंत्र्यप्रेमाचा सूर १७७३ इतकाच १९४३ चाही आहे. 'गॉन विथ द विंड' १९३६ ची कादंबरी असून युद्धोत्तर पुनर्रचनेविषयी तिच्यात जे येते ते दक्षिणेतील गोऱ्या समाजाच्या दोन पिढ्यांनी जपलेले स्मरण आहे. ते १८६५ नंतरच्या घटनांचे साधन म्हणून वाचविणे म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती चुकीचा नकाशा देणे होय.

यावर उपाय म्हणून साहित्यकृती केवळ लेखनकाळानुसार लावावी, असे कोणी म्हणेल. तेही अपुरे आहे. उत्तम कृती अभ्यासक्रमात दोनदा यावी आणि दुसऱ्या वेळी तिचा अर्थ बदललेला विद्यार्थ्याला स्वतः दिसावा, ही मांडणी अधिक फलदायी होय.

आर्थर मिलर यांचे 'द क्रूसिबल' (१९५३) हे याचे सर्वांत सोयीचे उदाहरण. सेलममध्ये १५० हून अधिक लोकांवर चेटकाचा आरोप झाला, १९ जणांना फाशी देण्यात आले आणि जाइल्स कोरी या वृद्धाला दगडांखाली चिरडून मारण्यात आले. या खटल्यांचे मूळ कागद व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. विद्यार्थ्याने प्रथम हे कागद वाचावेत आणि मगच नाटक हाती घ्यावे. तसे केल्यास अॅबिगेल विल्यम्स प्रत्यक्षात अकरा-बारा वर्षांची होती व नाटकात ती सतरा वर्षांची झाली आहे, जॉन प्रॉक्टर साठीच्या घरात होता व नाटकात तो तिशीतला शेतकरी आहे, आणि ज्या प्रेमसंबंधावर सारे नाटक उभे आहे त्याला पुराव्याचा आधार नाही, हे त्याच्या लक्षात येते. पंधरा वर्षांचा मुलगा येथे साहजिकच संतापतो. लेखकाने फसविले असे त्याला वाटते. हा संताप शिक्षकाने घाईने शमवू नये. काही महिन्यांनी शीतयुद्धाचा भाग शिकविताना तेच नाटक पुन्हा काढावे. प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे मिलर यांना १९५६ मध्ये बोलाविण्यात आले, इतरांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला, १९५७ मध्ये अवमानाबद्दल त्यांना दोषी ठरविण्यात आले आणि १९५८ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. नाटक मात्र या सर्वांच्या आधी लिहिलेले आहे. आता विद्यार्थ्यापुढील प्रश्न बदलतो. 'हे खरे आहे का' याऐवजी 'हे १९५३ मध्ये असे का रचले गेले' असे तो विचारू लागतो.

एकाच आयुष्याच्या तीन आवृत्त्या

साहित्य आणि इतिहास यांची सांगड जेथे खऱ्या अर्थाने अटळ ठरते तो प्रांत गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या आत्मकथनांचा आहे. फ्रेडरिक डग्लस यांनी आपली जीवनकथा तीनदा लिहिली. पहिले आत्मचरित्र १८४५ चे, दुसरे १८५५ चे आणि तिसरे १८८१ चे. तिसऱ्याची वाढीव आवृत्ती १८९२ मध्ये निघाली. पहिल्या पुस्तकात १८३८ च्या पलायनाचा मार्ग डग्लस सांगतच नाहीत. तो उघड केला तर मागून येणाऱ्यांची वाट बंद होईल आणि मदत करणारे संकटात येतील, हे त्याचे कारण होते. १८८१ मध्ये, गुलामगिरी कायद्याने संपून सोळा वर्षे झाल्यावर, खलाशाचे ओळखपत्र घेऊन बाल्टिमोरहून रेल्वेने आपण कसे निसटलो, हे त्यांनी सविस्तर सांगितले. पुस्तकातील मौन हाही ऐतिहासिक पुरावा असतो, हे किशोरवयीन विद्यार्थ्याला समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

या तीन ग्रंथांची प्रास्ताविके शेजारी ठेवून पाहणेही उद्बोधक ठरते. १८४५ च्या पुस्तकाला विल्यम लॉइड गॅरिसन व वेंडेल फिलिप्स या दोन गोऱ्या सुधारकांनी जणू सचोटीचा दाखला दिला आहे. १८५५ च्या पुस्तकाची प्रस्तावना जेम्स मक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी लिहिली आहे. दरम्यान डग्लस यांचे गॅरिसन यांच्याशी मतभेद झाले होते, ते स्वतः वृत्तपत्राचे संपादक झाले होते आणि १८४६ मध्ये ब्रिटिश मित्रांनी त्यांचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. हा सारा राजकीय इतिहास प्रस्तावनेवरील एका स्वाक्षरीच्या बदलातून उलगडता येतो.

हॅरिएट जेकब्स यांचे उदाहरण याच्या उलट बाजूने येते. त्यांचे 'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल' हे पुस्तक १८६१ मध्ये लिंडा ब्रेंट या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. मालकाच्या छळातून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे दडून राहिलेल्या स्त्रीची ही कथा अनेकांना कादंबरी वाटली. जॉन ब्लासिंगेम यांच्यासारख्या साक्षेपी इतिहासकारानेही १९७२ मध्ये तिच्या विश्वसनीयतेविषयी शंका घेतली होती. जीन फॅगन येलिन या साहित्याच्या प्राध्यापिकेने जेकब्स यांची पत्रे व इतर कागद तपासून ते आत्मकथनच असल्याचे सिद्ध केले. त्यांची संशोधित आवृत्ती १९८७ मध्ये निघाली. इतिहासकारांनी कथा मानलेले पुस्तक साहित्याच्या अभ्यासिकेने इतिहासात आणून बसविले, ही घटना दोन विद्याशाखांतील भिंतीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. तरुण विद्यार्थिनींना ही संशोधनकथा मूळ पुस्तकाइतकीच मोहविते.

'अंकल टॉम्स केबिन' (१८५२) मात्र एवढ्या विस्ताराने शिकविण्याची आवश्यकता नाही. १८५० च्या पळपुट्या गुलामांविषयीच्या कायद्यानंतर ती लिहिली गेली आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या, हे कळले व निवडक प्रकरणे वाचली तरी पुरे. लेखिकेमुळे यादवी युद्ध पेटले असे लिंकन तिला म्हणाले, ही प्रसिद्ध आख्यायिका मात्र अवश्य सांगावी. तिला समकालीन पुरावा नाही, हे विद्यार्थ्यालाच शोधावयास लावता येते.

आवडत्या पुस्तकाचे पुनर्वाचन

गृहशिक्षण घेणाऱ्या कुटुंबांत लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या बालकादंबऱ्यांना जवळजवळ घरच्या ग्रंथांचे स्थान आहे. रात्री मोठ्याने वाचून दाखविलेली ही पुस्तके मुलांच्या मनात खोलवर रुजलेली असतात. म्हणूनच सोळाव्या वर्षी 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' (१९३५) पुन्हा वाचविणे हा या अभ्यासक्रमातील सर्वांत नाजूक आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत आवश्यक पाठ आहे. इंगल्स कुटुंब १८६९ ते १८७१ या काळात कॅन्ससमधील ज्या जमिनीवर राहिले, ती कायद्याने ओसेज लोकांची राखीव भूमी होती. कादंबरीत जे 'मोकळे' माळरान आहे, तेथून ओसेजांना पुढे इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. लेखिका त्या वेळी दोन-चार वर्षांची होती. कादंबरीतील लॉरा त्याहून मोठी आहे. त्या प्रदेशात माणसेच नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचे एक वाक्य मूळ आवृत्तीत होते. १९५२ मध्ये एका वाचकाने हरकत घेतल्यावर ते १९५३ च्या आवृत्तीत बदलण्यात आले. २०१८ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या बालविभागाने आपल्या पुरस्कारातून वाइल्डर यांचे नाव काढले.

येथे पालकांसमोर दोन सोपे मार्ग असतात. पुस्तक गाळणे हा एक, आणि जणू काहीच झाले नाही अशा भावाने ते प्रेमाने वाचत राहणे हा दुसरा. दोन्ही टाळावेत. २०१४ मध्ये टीपांसह प्रसिद्ध झालेले वाइल्डर यांचे मूळ आत्मकथन 'पायोनियर गर्ल', तसेच लुईस अर्ड्रिच यांची १८४७ च्या ओजिब्वे मुलीची कथा सांगणारी 'द बर्चबार्क हाउस' (१९९९) ही पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे विद्यार्थ्याला आपल्या जिव्हाळ्याच्या पुस्तकाशी प्रामाणिकपणे भांडता येते. ज्या पुस्तकावर आपले प्रेम आहे त्याचीच उलटतपासणी करणे हे परक्या पुस्तकाच्या उलटतपासणीहून कितीतरी कठीण असते.

एकाच घरातील एकच आवाज

या अध्यापनपद्धतीचा सर्वांत मोठा धोका पुस्तकांत नसून घराच्या रचनेत आहे. वर्गात निदान तीस मुले असतात. त्यांपैकी कोणाचे आजोबा कामगार संघटनेत असतात, कोणी नुकतेच मेक्सिकोहून आलेले असते. घरी शिक्षक, परीक्षक, ग्रंथपाल आणि पालक एकच. १९७७ मध्ये निघालेले मार्शल व मॅन्युएल यांचे 'द लाइट अँड द ग्लोरी' अमेरिकेच्या स्थापनेत ईश्वरी योजना पाहते. हॉवर्ड झिन यांचा 'अ पीपल्स हिस्टरी' (१९८०) तोच इतिहास दडपलेल्यांच्या बाजूने सांगतो. एका घरात पहिले असते, दुसऱ्या घरात दुसरे. दोन्ही एकाच घरात असण्याचे योग विरळा. कादंबरीची निवडही मग याच कलाने होते, आणि साहित्य इतिहासाचे साक्षीदार न राहता वकील बनते.

मेसन यांची कथनपद्धती लहान मुलांसाठी उत्तम असली तरी या वयात म्हणूनच अपुरी पडते. वाचलेले पुन्हा सांगणे म्हणजे पुस्तकाचा अधिकार मान्य करणे. सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ इतिहासकार व आठ हुशार शालेय विद्यार्थी यांना १७७५ च्या लेक्सिंग्टन येथील चकमकीविषयीचे कागद वाचावयास दिले होते. त्यांत हॉवर्ड फास्ट यांच्या 'एप्रिल मॉर्निंग' या कादंबरीतील उताराही होता. इतिहासकारांनी प्रत्येक कागद कोणी, केव्हा लिहिला हे आधी पाहिले. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत गेले आणि पाठ्यपुस्तकावर त्यांनी सर्वाधिक विश्वास ठेवला. ही सवय लावण्यास घर शाळेहून अधिक अनुकूल आहे, कारण तेथे एका कागदावर सबंध सकाळ घालविता येते.

म्हणून साहित्यकृतीची जोडी निवडताना तिला खोडून काढणारा कागद निवडावा. स्टाइनबेक यांच्या 'द ग्रेप्स ऑफ राथ' (१९३९) सोबत ओक्लाहोमाचा नकाशा ठेवावा. जोड कुटुंबाचे सॅलिसॉ हे गाव राज्याच्या पूर्व टोकाला आहे. धुळीच्या वादळांचा मुख्य टापू पश्चिमेकडे होता. मग हे कुटुंब कशामुळे उखडले गेले? कापसाचे कोसळलेले भाव, कुळांची शेती, अवर्षण आणि ट्रॅक्टर या उत्तरापर्यंत विद्यार्थी नकाशावरून पोहोचतो आणि त्यानंतर कादंबरीतील तीच कारणे त्याला नव्याने दिसतात. लेखकाने १९३६ मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'साठी लिहिलेली वार्तापत्रेही उपलब्ध आहेत. काँग्रेस ग्रंथालयाने संकेतस्थळावर ठेवलेल्या, १९३६ ते १९३८ मध्ये नोंदविलेल्या माजी गुलामांच्या २,३०० हून अधिक मुलाखतीही अशाच उपयोगी आहेत. मात्र सांगणारे बहुतेक ऐंशीच्या घरातील आणि लिहून घेणारे बहुतांशी दक्षिणेतील गोरे होते, हे विसरून चालणार नाही.

वेळेची समान वाटणी करण्याचा मोह टाळावा. छत्तीस आठवड्यांच्या वर्षात १८४५ ते १८७७ या तीन दशकांना किमान बारा आठवडे द्यावेत. त्यासाठी वसाहतींचा काळ सहा आठवड्यांत आटोपला तरी हरकत नाही. पुस्तकांच्या लांबलचक याद्यांपेक्षा सात-आठ ग्रंथ पुरेसे आहेत. मूल्यमापनासाठी शेजारच्या तीन-चार कुटुंबांनी एकत्र यावे आणि प्रत्येक मुलाची तोंडी परीक्षा दुसऱ्या घरातील पालकाने घ्यावी. श्रेयांकांच्या कागदावर आईची सही पुरते. परंतु मुलाचे मत आईखेरीज कोणी तरी तपासले असले पाहिजे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी जी मुलांना घरी शिकवितात, त्यांच्याजवळ आणखी एक कागद आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी दाखविलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल, अर्पण केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली होती; चार वर्षांत, १८७७ मध्ये, पुनर्रचनेचे पर्वच संपले. पुण्यापर्यंत १८६५ ची वार्ता पोहोचली होती. १८७३ ची पोहोचली होती काय, आणि पोहोचली असती तर त्या अर्पणपत्रिकेत काय बदलले असते, हा प्रश्न डग्लस यांच्या तिसऱ्या आत्मचरित्राशेजारी ठेवून एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीला निबंधासाठी द्यावा. त्यासाठी तिला दोन्ही भाषांतील मूळ पाने उघडावी लागतील.